कागद एकाचा, प्रती गावभर

पीकविम्याची मुदत संपत आली की मराठवाड्यातल्या महा-ई-सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि आतून आवाज येतो, "कागदं व्हॉट्सॲपवर टाका." मग आधार, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान जातं, घाईत कधीकधी थेट गावाच्या ग्रुपवर. या तीन कागदांत नाव, जन्मसाल, गट नंबर, खातं आणि आयएफएससी असं सगळं एकदम मिळतं. फसवणाऱ्याला वेगळी शोधाशोध करावीच लागत नाही.

व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे वाटेत कोणी वाचू शकत नाही. टोकाला मात्र कागद उघडाच असतो. केंद्राच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालू असतं, पीडीएफ प्रिंटसाठी उतरवली जाते आणि 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलंत (तेही दोन-अडीच दिवसांच्या आतच जमतं), तरी ती प्रत हलत नाही. म्हणून प्रिंट निघाली की फाइल आपल्यासमोर पुसायला सांगावं. यात संकोच कसला?

दहा जणांच्या ग्रुपमध्ये माणसांच्या 45 जोड्या होतात, 1024 जणांच्या ग्रुपमध्ये 5,23,776; म्हणजे माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जायला तेवढ्या वाटा. मोंढ्यातला सोयाबीनचा भाव ज्या वेगाने वाडीवस्तीवर पोचतो, त्याच वेगाने आधारचा फोटोही पोचतो. आणि आपण गप्प बसलो तरी ओळखीचे लोक आपली माहिती देऊन टाकतात. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून फेसबुकवाल्यांची माहिती गेली होती. त्या प्रकरणात फेसबुकनेच 2018 मध्ये सांगितलं, की भारतात ते ॲप 335 जणांनी घेतलं होतं. पण मित्रयाद्यांमुळे आणखी 5,62,120 जणांची माहिती गेली असण्याची शक्यता होती.

कायदा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे; नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. पण खाजगी, घरगुती कामासाठी कोणी माहिती वापरली किंवा आपणच ती जगजाहीर केली, तर हा कायदा तिथे लागू होत नाही. ग्रुपवरच्या चुलतभावाला तो विचारणार नाही.

तेव्हा हाताशी आहे ते करावं. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवर 'मास्क्ड आधार' मिळतं. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, शेवटचे 4 दिसतात. जिथे पूर्ण नंबर लागतोच, तिथे समोर बसून टाइप करून द्या. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो यावर विसंबू नका: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे अख्ख्या गावाला पाठ असलेली माहिती. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर लगेच लॉगआउट करा. सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप बसवणारी) आली तर उघडूच नका. एकदा एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर जातो. पैसे गेलेच तर सकाळची वाट न बघता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

अंगठ्याने पैसे काढण्याची फसवणूक टाळायला आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की रेशन दुकानात अंगठा चालत नाही, 330 क्रमांकाची एरर येते. लोक समजतात, खुरपून खुरपून अंगठा झिजला. दुकानात जाण्याआधी लॉक तात्पुरतं उघडा. ते 10 मिनिटंच उघडं राहतं, त्यामुळे रांगेत आपला नंबर जवळ आल्यावरच उघडलेलं बरं.