किनाऱ्यावरचं काळं तेल नेमकं कुणाचं? डांबरगोळ्यांमागची पन्नास वर्षं

मे महिना संपत आला, वारा नैऋत्येकडून जोरात यायला लागला की कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्याला काहीतरी काळं चिकट लागतं, आणि साबणाने कितीही घासलं तरी जात नाही. आमच्याकडे लहानपणी रॉकेलचा बोळा फिरवायचे, आता रॉकेल मिळत नाही म्हणून खोबरेल चोळतात. हे डांबरगोळे, टारबॉल. दरवर्षी पेपरात फोटो येतो, "पर्यटक नाराज" अशी बातमी येते, पाऊस लागला की विषय संपतो. पण हे तेल येतं कुठून आणि ते कुणाचं, हा प्रश्न जुना आहे, आणि उत्तर दरवेळी अर्धंच मिळालंय.

सगळ्यात आधी एक गैरसमज. बऱ्याच जणांना वाटतं की समुद्रात तेलविहिरी खोदल्या तेव्हापासून हे सुरू झालं. तसं नाही. सत्तरच्या दशकात गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे लोक पश्चिम किनाऱ्यावर डांबरगोळे मोजत होते, तेव्हा मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं, म्हणजे मुंबई हायचं, उत्पादन जेमतेम सुरू होत होतं. मग तेल कुठलं? इराणच्या आखातातून पूर्वेकडे जाणारे टँकर आपल्या समोरूनच जातात. टँकर माल उतरवून परत निघाला की हलका होतो, लाटांवर डोलतो, म्हणून रिकाम्या टाक्यांमध्ये खारं पाणी भरायचे, आणि आखात जवळ आलं की तेच तेलकट पाणी पुन्हा समुद्रात ओतून टाक्या मोकळ्या करायचे. यात कुणी चोरून काही करत होतं असं नाही, तीच पद्धत होती. तेलातला हलका भाग उन्हाने उडून जातो, उरलेलं जड तेल पाण्याशी घुसळून घट्ट होतं, त्याला वाळू-शिंपल्यांचा चुरा चिकटतो, आणि उन्हाळ्याच्या शेवटी वारा फिरला की तो माल आपल्या दारात.

हे थांबवायला जगाला मोठे अपघात बघावे लागले. 1967 मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकापाशी टोरी कॅन्यन नावाचा टँकर खडकावर चढला, 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रातली विहीर फुटली, आणि मग 1973 मध्ये जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा मार्पोल करार झाला, तोही प्रत्यक्ष लागू व्हायला 1983 उजाडलं. त्यात नियम आला की इंजिनरूममधलं तेलकट पाणी बाहेर सोडायचं तर त्यात दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त तेल नको. 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डीझ हा टँकर फुटला तेव्हा कुठे टँकरला दुहेरी कवच हवं हे पक्कं झालं. टँकरचं वागणं यामुळे खरंच सुधारलं. पण लक्षात ठेवा, हे सगळं मुख्यतः टँकरभोवती फिरत होतं.

आता मुंबई हाय. 1964-65 च्या सुमारास रशियन जहाजाने खंबातच्या आखातात आणि आसपास सर्वेक्षण केलं, मग जपानमध्ये बांधलेलं सागर सम्राट हे रिग, म्हणजे समुद्रात विहीर खोदायचं फिरतं व्यासपीठ, आलं, आणि फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर तेल लागलं. वेळ बघा, 1973 मध्ये तेलाचे भाव चौपट झालेले, देशाची तिजोरी रिकामी, त्यामुळे त्या वेळच्या लोकांच्या दृष्टीने हा चमत्कारच होता. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. आधी तेल टँकरने यायचं, मग समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइप टाकला. उरण, करंजा, मोरा या पट्ट्यातल्या लोकांचा तेलाशी संबंध तेव्हापासूनचा, नोकरी म्हणूनही आणि जाळ्याला लागणारं तेल म्हणूनही.

अपघात झालेच. 1982 मध्ये सागर विकास रिगवर विहीर उसळली आणि आग लागली. 1993 च्या मे मध्ये पाइप फुटून हजारो टन क्रूड, म्हणजे कच्चं तेल, समुद्रात गेलं. 2005 ची आग तर पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल, पण ती 26 जुलैच्या पुराखाली दबली गेली. पूर 26 ला, आग 27 ला. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका माणसाच्या हाताला इजा झाली होती, त्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायला जहाज जवळ नेलं, लाटांमध्ये ते प्लॅटफॉर्मच्या उभ्या पाइपांवर आदळलं, गॅस पेटला, आणि दोनेक तासांत अख्खा बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) प्लॅटफॉर्म गेला. 22 माणसं गेली, 362 वाचली. मुंबई पाण्याखाली, रस्ते बंद, आणि तिकडे भर समुद्रात हे चाललेलं.

तरी एक सांगतो, विहिरींच्या बाबतीत निदान मालक ठरलेला असतो. पाइप कुणाचा ते माहीत, फोन कुणाला करायचा ते माहीत. किनाऱ्याला रडवलं ते बहुतेक वेळा तेल वाहून नेणाऱ्या जहाजांनी पण नाही, तर साध्या मालवाहू जहाजांच्या पोटातल्या इंधनाने. फर्नेस ऑइल, म्हणजे काळं, जाड, गुळाच्या पाकासारखं. क्रूडमधला बराचसा भाग उडून तरी जातो, हे बसून राहतं.

7 ऑगस्ट 2010, शनिवार. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा शनिवार-रविवार, म्हणजे घरोघरी मासळी आणायचा दिवस, आणि नारळी पौर्णिमेला फक्त सतरा दिवस, होड्या रंगवून तयार. त्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी, प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या आसपास, एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलली, ती इतकी की वर रचलेले कंटेनर एकेक करून खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे पाण्यात सरकले. जहाजावर 1,219 कंटेनर होते, त्यातल्या काहींत कीटकनाशक, आणि इंधन 2,600 टनांच्या वर. त्यातलं अंदाजे 800 टन बाहेर आलं. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवाचं जेएनपीटी बंदर दोन्ही काही दिवस ठप्प, कारण तरंगता कंटेनर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि धडकला तर होडी गेलीच.

मांडवा-अलिबागकडे किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे यायला लागले, लोक गोळा करायला धावले, पोलीस ओरडून सांगतायत की हात लावू नका, त्यात विष मिसळलं असेल. तवंग घारापुरीला लागला, उरणला लागला, वाशीच्या खाडीपर्यंत गेला. मुंबईत मासळी बाजार ओस पडले. कोळणी पाट्या घेऊन बसलेल्या आणि गिऱ्हाईक लांबूनच विचारतंय, तेलाचा वास नाही ना येत. गंमत म्हणजे पाटीतली बरीच मासळी मुंबईच्या पाण्यातली नव्हतीच, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत ती बाहेरून येते, पण भीतीला कोण समजावणार.

यात सगळ्यात जास्त मार बसला तो तिवरांना, म्हणजे कांदळवनाला. तिवराची मुळं चिखलातून वर पेन्सिलीसारखी उभी असतात, झाड त्यातून श्वास घेतं. भरतीला तेल आत येतं, ओहोटीला पाणी निघून जातं आणि तेल त्या मुळांवर लेपासारखं बसतं. वाळूचा किनारा फावड्याने साफ करता येतो, चिखल नाही करता येत, माणूस आत उतरला की पायांनीच तेल आणखी खाली दाबलं जातं. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं हे सगळं त्याच चिखलात. नंतर 2012 मध्ये राज्याने कांदळवन कक्ष काढला, 2015 मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, 2020 मध्ये पांढरी चिप्पी हे राज्याचं कांदळवन झाड ठरवलं. चांगलंच झालं. पण बोर्ड लावून तवंग थांबत नाही, भरती जिथे जाईल तिथे तेल जाईल.

वर्षही झालं नाही तोच 4 ऑगस्ट 2011 ला एमव्ही रॅक कॅरियर बुडालं, मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर. इंडोनेशियाहून दहेजला निघालेलं, पोटात 60 हजार टन कोळसा आणि स्वतःसाठी 300 टनांच्या आसपास इंधन. तासाला दीड-दोन टन तेल वर येत राहिलं आणि जुहूला किनारा काळा झाला. मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने हरित लवादात केस लावली, पाच वर्षांनी, ऑगस्ट 2016 मध्ये, निकाल आला: जहाजवाल्यांना 100 कोटी, कोळशाच्या मालकाला म्हणजे अदानी एंटरप्रायझेसला 5 कोटी भरपाई. समुद्र घाण केल्याबद्दल भारतात एवढी मोठी रक्कम ठोठावलेली तोपर्यंत ऐकिवात नव्हती. निकाल लागला तेव्हाही जहाज आणि कोळसा तळाशीच होते.

पाच वर्षं का लागतात याचं एक कारण कायद्यातच होतं. टँकरमधून तेल सांडलं तर नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार आणि फंड आहे, भारत त्यात आधीपासून आहे. पण मालवाहू जहाजाच्या इंधनासाठीचा करार वेगळा, बंकर करार, तो 2001 मध्ये झाला, 2008 मध्ये जगात लागू झाला आणि भारत त्यात आला 2015 मध्ये. चित्रा 2010, रॅक 2011. म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या केसेस बरोबर त्या फटीत पडल्या. तटरक्षक दलाकडे तेलगळतीची राष्ट्रीय योजना नव्वदच्या दशकापासून होती, पण प्रदूषण आवरायचं खास जहाज, समुद्र प्रहरी, मुंबईत दाखल झालं ऑक्टोबर 2010 मध्ये. चित्रानंतर दोन महिन्यांनी.

गोव्याची कथा थोडी वेगळी. 30 मे 2006 ला कारवारजवळ ऑयस्टर रॉक्सवर ओशन सेराया जहाज आपटलं, तेही मालवाहूच, आणि त्याचं तेल वर सरकत काणकोणच्या किनाऱ्यांना लागलं, जिथे गालजीबागला कासवं अंडी घालतात. त्याआधी 2000 मध्ये कांदोळीला रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हलवायला 2012 उजाडलं, बारा वर्षं पर्यटकांनी त्याच्यासोबत फोटो काढले. पण एनआयओच्या लोकांनी मोलाचं काम केलं ते इथेच. त्यांनी डांबरगोळ्यांतली रसायनं तपासून तेलाची जात ओळखायला सुरुवात केली, अगदी बोटांचे ठसे जुळवतात तसं. काही नमुने मुंबई हायच्या क्रूडशी जुळले, काही टँकरच्या टाक्या धुतलेल्या तेलाशी. म्हणजे दोन्ही बाजूंनी येतं. पण तेल टाक्या धुतलेलं आहे एवढं कळलं तरी कोणत्या जहाजाने रात्री धुतल्या ते त्या गोळ्यात लिहिलेलं नसतं.

आणि आता समुद्रच बदलतोय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 1982 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. पूर्वी कोकणात वादळ म्हटलं की ते बंगालच्या बाजूला, असं धरून चालायचे. जून 2020 ला निसर्ग आलं, रायगडमध्ये सुपारीच्या बागा आडव्या. पुढच्या मे मध्ये तौक्ते, आणि ते थेट मुंबई हायवरून गेलं. कामगार राहायचे त्या पापा-305 नावाच्या बार्जचे, म्हणजे तराफ्यासारख्या सपाट जहाजाचे, नांगर तुटले, ती प्लॅटफॉर्मवर आदळून बुडाली, बार्ज आणि वरप्रदा ही टग, म्हणजे ओढबोट, मिळून 80 च्या वर माणसं गेली. तेलाचा मोठा तवंग तेव्हा आला नाही हे नशीब. पण पन्नास वर्षांपूर्वी हे क्षेत्र उभं राहिलं ते तुलनेने शांत समजल्या जाणाऱ्या समुद्रात.

हिवाळ्यात कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक गाड्या काढून रील बनवायला जातात, ती चमक बहुतेकदा नॉक्टिल्यूका नावाच्या सूक्ष्मजीवाची. गेल्या वीसेक वर्षांत अरबी समुद्रात त्याची वाढ जोरात आहे आणि त्याने डायटम नावाच्या शेवाळाची जागा घेतलीय, जे माशांच्या अन्नसाखळीचा पाया होतं. नॉक्टिल्यूका खायला जेलीफिशला आवडतं, आपल्या माशांना फारसं नाही. आता अशा आधीच दमलेल्या पाण्यावर तेल पडलं तर काय, हा हिशोब वेगळा करावा लागतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून कागदावर आहे, साधारण 29 चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून समुद्रात शंभर-सव्वाशे किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा आहे, वीस मीटर खोलीवर जिवंत प्रवाळ, किनाऱ्यावरून दिसतच नाही म्हणून फार कुणाला ठाऊकही नाही. मोठी जहाजं याच समुद्रातून वरखाली करतात.

अलीकडचं प्रकरण केरळचं. 25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा-3 बुडालं, 640 कंटेनर घेऊन, आणि किनाऱ्यावर तेलापेक्षा जास्त दिसले ते प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, लोक चाळणी घेऊन वाळू गाळत बसले होते. यावेळी मात्र केरळ सरकारने थांबून वाट बघितली नाही, 9,531 कोटींचा दावा हायकोर्टात लावला, आणि कोर्टाने त्याच कंपनीशी संबंधित दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवायचा आदेश दिला.