क्षमा एकट्याची, समेट दोघांचा

‘माफ केलंस ना? मग परत नांदायला जा.’ ‘क्षमा केली म्हणता, मग पोलिसातली तक्रार का मागे घेत नाही?’ ही वाक्यं प्रवचनांतून, घरच्या बैठकींतून इतक्या वेळा कानावर येतात की ती बायबलमधलीच असावीत असं वाटू लागतं. ती तिथे कुठेही नाहीत. क्षमा आणि समेट हे एकच मानलं की असे सल्ले सुचतात, आणि त्यांचा भुर्दंड ज्याचं आधीच नुकसान झालंय त्यालाच पडतो.

क्षमेबद्दल फार सांगायला नको. प्रभूची प्रार्थना रोज म्हणणाऱ्याला ती ठाऊक आहे. नव्या करारात तिच्यासाठी येणारं ‘आफिएमी’ हे ग्रीक क्रियापद ‘सोडून देणे’ या अर्थाचं आहे, आणि ते कर्ज सोडण्यालाही वापरतात. मत्तय 18 मधल्या येशूच्या दृष्टांतातला राजा चाकराचे दहा हजार तालांत सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो शंभर दीनारांसाठी. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीपुढे सहा कोटी दिवसांची! येणं होतं, ते वहीतून खोडलं, ही क्षमा. ती एकट्याला करता येते. समोरचा वारला असेल, परागंदा असेल, आपलं काही चुकलं हेच त्याला मान्य नसेल, तरीही.

समेटाला दोन माणसं लागतात. प्रेषित पौल आपल्या पत्रात, 2 करिंथ 5:19 मध्ये, सांगतो की देवाने लोकांचे अपराध त्यांच्या हिशेबी धरले नाहीत, आणि पुढच्याच वचनात विनवतो, देवाबरोबर समेट करा. देवाकडून हात पुढे आलेला आहे, तरी विनवणी करावी लागते. एका बाजूच्या क्षमेने समेट आपोआप होत असता तर 20व्या वचनाची गरजच नव्हती.

आता खरी अडचण. मार्क 11:25 म्हणतं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. तिथे अपराध्याच्या पश्चात्तापाची अट नाही, तो माणूस समोरसुद्धा नाही. लूक 17:3 मात्र म्हणतं, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. इथे अट स्पष्ट आहे. एक गट पहिलं वचन घेऊन भांडतो, दुसरा दुसरं. पण दोन्ही वचनांतली जागा बघा. पहिल्यात माणूस देवापुढे उभा आहे आणि मनातला सूड खाली ठेवतोय. दुसऱ्यात तो अपराध्यासमोर उभा आहे आणि तुटलेलं नातं पुन्हा बांधायचंय. पहिलं काम आजच, बिनशर्त करायचं. दुसऱ्याला अटी आहेत, आणि त्या लावणं हे मनात अढी असल्याचं लक्षण मुळीच नाही.

त्या अटी शास्त्रातच आहेत. गणना 5:7 मध्ये क्रम दिलाय: अपराध कबूल करायचा, घेतलेलं पुरतं परत करायचं, आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. शंभर लाटले असतील तर एकशेवीस. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. म्हणून घरातल्याच कोणी खोटी सही करून खात्यातून पैसे काढले, तर त्याला क्षमा जरूर करावी, पण चेकबुक परत त्याच्या हाती देऊ नये. पैसे परत येईपर्यंत आणि पुढेही बराच काळ व्यवहार स्वच्छ दिसेपर्यंत तरी नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ ही कबुली धरू नका. त्यात अपराध कुठेच नाही, आहे ते फक्त तुमचं वाईट वाटणं. कबुलीत काय केलं, कोणाचं किती नुकसान झालं, हे ज्याने केलं त्याच्या तोंडून यावं लागतं.

सर्वांत चीड येते ती मत्तय 5:23-24 च्या वापराची. अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे वचन दुखावलेल्याला ऐकवलं जातं. नीट वाचा: ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं आठवलं तर. म्हणजे उठून जायचंय ते ज्याने दुखावलंय त्याने. मारहाण सोसलेल्या बाईला हे वचन दाखवून घरी धाडणं म्हणजे वचन उलटं धरणं.

क्षमेने शिक्षाही टळत नाही. 13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आजा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी त्याला जाहीर क्षमा केली, 1983 साली तुरुंगात जाऊन भेटलेही. आजा इटलीच्या तुरुंगात राहिला तो थेट 2000 सालापर्यंत.

हा फरक पायरीपायरीने बघायचा असेल तर उत्पत्तीतला योसेफ वाचावा. भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकलं, कल्पना यहूदाची. वर्षांनी ते धान्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, येतात; तिथे योसेफ आता मोठा अधिकारी आहे. 42:24 मध्ये योसेफ बाजूला जाऊन रडतो, म्हणजे मन केव्हाच पाघळलंय. पण ओळख तो देत नाही. शिमोनाला ठेवून घेतो, धाकट्या बन्यामीनाला आणायला लावतो, त्याच्या गोणीत आपला प्याला लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो, आणि भावांसमोर तोच जुना मोका पुन्हा येतो: बापाच्या लाडक्याला टाकून सुखरूप घरी जायचं. या वेळी तोच यहूदा पुढे होतो, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा म्हणतो. मगच 45व्या अध्यायात योसेफ सांगतो, मी योसेफ.

आणि तेवढ्याने संपलं नाही. बाप याकोब मिसरात 17 वर्षं जगला. तो गेल्यावर भावांना पुन्हा धास्ती, आता हा सूड घेणार. त्यांनी क्षमेचा निरोप धाडला, तो ऐकून योसेफ रडला, आणि म्हणाला, भिऊ नका, तुमचं आणि तुमच्या मुलाबाळांचं पोषण मी करीन.