लाल तिखटाचं पाणी आणि हार्ट अटॅक

'गरम पाण्यातून चमचाभर केयेन मिरचीपूड पाजा, अटॅक मिनिटात थांबतो' हा मेसेज ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तसं होत नाही. अटॅकमध्ये बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. पोटात गेलेलं तिखट ती विरघळवत नाही. केयेन म्हणजे साधी तिखट लाल मिरचीच, आपल्या लवंगीची परदेशी बहीण. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वं आहेत, पण चमचाभर पूड म्हणजे जेमतेम २ ग्रॅम! झोंबतं ते कॅप्सेसिन. त्याचं मलम सांधेदुखीवर खरंच लावतात, त्यामुळे मेसेज पटकन पटतो. पडताळायचं? रुग्ण कुठला, नोंद कुठे, हे मेसेजमध्ये शोधा. फॅमिली डॉक्टरांनाही विचारा. छातीत कळ येऊन घाम फुटला तर आधी १०८ लावा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून गाडी यायला तसाही वेळ लागतो.