रेमिना

रेमिना हे लिनक्सवरून दूरच्या संगणकांशी जोडणी करण्याचे आणि अशा अनेक जोडण्या एका जागी सांभाळण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. विक ली यांनी २००९ मध्ये ते सुरू केले. पुढे ते दूरचे विंडोज संगणक वापरू देणाऱ्या फ्रीआरडीपी या मुक्त प्रकल्पाच्या आश्रयाला गेले आणि नंतर अंतेनोरे गात्ता, जोव्हान्नी पानोत्सो व इतर स्वयंसेवकांनी सांभाळले. ते सी भाषेत लिहिलेले असून जीपीएल परवान्याखाली मिळते.

विंडोजसाठी आरडीपी, पडदा जसाच्या तसा दाखवणारे व्हीएनसी, आज्ञा देण्यासाठी एसएसएच, आभासी यंत्रांसाठी स्पाइस असे निरनिराळे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम, रेमिनाच्या एकाच खिडकीत, टॅबमध्ये उघडतात. आरडीपीचे मूळ काम फ्रीआरडीपी ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. त्यामुळे त्या बाबतीत रेमिनाची प्रगती बरीचशी तिच्यावर अवलंबून असते.

रेमिनाचा खरा उपयोग जोडणी करण्यापेक्षा ती लक्षात ठेवण्यात आहे. वीस-पंचवीस सर्व्हर पाहणाऱ्याला ते लगेच पटते. प्रत्येक जोडणीची साध्या मजकुराची एक छोटी फाइल तयार होते. ती उघडली की नाव, गट, पत्ता, वापरकर्ता असे एकेका ओळीत वाचता येते. पासवर्ड संगणकाच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या तिजोरीत, ठेवला असेल, तर या फाइलीत त्याच्या जागी फक्त एक टिंब दिसते. कीरिंग नसेल तर पासवर्ड कूटबद्ध होऊन फाइलीतच राहतो, पण तो उलगडण्याची किल्ली त्याच संगणकावरच्या रेमिनाच्या सेटिंग्जच्या फाइलीत असते. दोन्ही फाइली एकाच माणसाच्या हाती लागल्या की ते कुलूप निरुपयोगी ठरते. म्हणून कीरिंग वापरावेच.

गेल्या काही वर्षांतली चांगली भर याच व्यवस्थापनाच्या बाजूला पडली आहे. एकच खाते अनेक सर्व्हरवर असेल, तर बदललेला पासवर्ड निवडलेल्या सगळ्या जोडण्यांत एकदम भरता येतो. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणाऱ्या कार्यालयात ही सोय फार मोलाची आहे. मास्टर पासवर्ड लावून जोडण्यांवर आणखी एक पहारा बसवता येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या १.४ मालिकेत आरडीपीसाठी एकाहून अधिक मॉनिटर वापरण्याची आणि पायथन भाषेत प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोडभाग, लिहिण्याची सोय आली.

एसएसएच बोगदा, म्हणजे दुसरी जोडणी एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून नेणे, ही सोय जुनीच, तरी दुर्लक्षित आहे. आरडीपीचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे जोडणी स्वीकारण्याचे दार, इंटरनेटवर थेट उघडा ठेवणे धोक्याचे असते. २०१९ मध्ये उघड झालेल्या विंडोजच्या आरडीपीतल्या ब्लूकीप या त्रुटीने ते साऱ्यांना दाखवून दिले. जोडणीच्या प्रोफाइलमध्ये बोगदा चालू केला की आरडीपीची सगळी वाहतूक एसएसएचमधून जाते आणि तो पोर्ट बाहेरच्या जगासाठी बंद ठेवता येतो.

लिनक्सच्या जगातही आरडीपीचे महत्त्व वाढले आहे. लिनक्सवरचे ग्नोम हे डेस्कटॉप वातावरण घ्या. त्याच्या ४२ व्या आवृत्तीने २०२२ मध्ये पडदा वाटून घेण्यासाठी आरडीपी आणले. २०२४ च्या ग्नोम ४६ मध्ये समोर कोणी लॉगिन केलेले नसतानाही दुरून लॉगिन करणे शक्य झाले. तेव्हा विंडोजकडे जाण्यासाठी घेतलेले रेमिना आता लिनक्सवरून लिनक्सकडे जायलाही तितकेच कामी येते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आरडीपीत सहसा अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली एवढेच पलीकडे जाते. आपल्या संगणकावर देवनागरी चालू असली तरी पलीकडे रोमन अक्षरे उमटतात ती यामुळेच. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक पलीकडच्या संगणकावर चालू करावा. भाषा बदलण्याच्या कळा आपलाच संगणक अडवत असेल, तर उजवी कंट्रोल कळ एकदा दाबावी, म्हणजे सगळ्या कळा पलीकडे जाऊ लागतात. पुन्हा दाबली की त्या आपल्याकडे परत येतात.