पेटीतला पेंढा

मे महिन्यात देवगडहून हापूसची पेटी आली. चारशेहून अधिक किलोमीटर रस्त्याचे धक्के खाऊनही पेंढ्यातला एकही आंबा दबला नव्हता. त्याच आठवड्यात मिक्सरचं भांडं घरपोच आलं, थर्माकोलच्या साच्यात. साचा काढताना मोडला आणि पांढरे मणी फरशीभर झाले. झाडून घ्यावेत तर घर्षणाने विद्युतभारित होऊन झाडूलाच चिकटत होते. भंगारवाल्याने तर हातही लावला नाही. त्याचा हिशोब किलोवर चालतो. घनमीटरभर थर्माकोल भरतो जेमतेम पंधरा-वीस किलो, बाकी सगळी हवाच. म्हणूनच तो नाल्यात जातो, तिथून खाडीत. 2018 मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटल्या आणि मखरं बंद केली, पण खोक्यांतून तो अजून येतोच आहे.

थर्माकोल वस्तू वाचवतो ती पडण्याचा धक्का लांबवून. मीटरभर उंचीवरून पडलेलं भांडं एका मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा झटका, सोसावं लागतं. तेच दोन सेंटिमीटर दबत थांबलं, तर पन्नासपट. म्हणजे हवा कोंडून ठेवणारं आणि वस्तूऐवजी स्वतः चेपलं जाणारं काहीही चालेल. पेंढाही हेच करतो.

अंड्यांचा ट्रे रद्दीच्या लगद्याचा असतो. पाणी आटताना कागदाचे तंतू एकमेकांना धरतात, गोंद लागत नाही. खोक्यात भरायचे स्टार्चचे हलके तुकडे मला विशेष आवडतात, कारण त्यांची कृती कुरमुऱ्यांच्या जवळची आहे: दाबाखाली तापवलेला मका दाब सुटताच फुगतो, आतल्या पाण्याची वाफ त्याला पोकळ करते. वाटीभर पाण्यात टाकले की ते विरघळतात. ओळखायची खूणही हीच, थर्माकोल तरंगत राहतो.

सर्वात नवलाची म्हणजे बुरशी. 2007 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या इकोव्हेटिव्ह या कंपनीने भुसा आणि शेतातला काडीकचरा साच्यात भरून त्यावर बुरशी वाढवली. काही दिवसांत तिच्या तंतूंचं जाळं सगळं घट्ट बांधतं. मग उष्णता देऊन वाढ थांबवायची. संगणक बनवणाऱ्या डेलने 2011 मध्ये आपल्या सर्व्हरसाठी हे वापरून पाहिलं. काम झाल्यावर ते कुंडीतल्या मातीत जिरतं. मात्र थर्माकोलपेक्षा जड असतं, आणि वाढायला दिवस लागतात.

मुंबईत खरी परीक्षा जुलैची. दमट हवेत कागदाच्या तंतूंची पकड सैल पडते, पुठ्ठ्याचं खोकं वरच्या खोक्याच्या वजनाने बसतं. स्टार्च तर चिकट होतो. बुरशीच्या साच्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो, म्हणून पावसाळ्यात हा साचा मला अधिक भरवशाचा वाटतो. कागदी साच्याला बाहेरून ओल न लागेल अशी सोय हवीच. एकच पर्याय बारमाही चालेल असं मानणं चुकीचं आहे.

पाऊस सुरू झाल्यावर पुण्याला बहिणीकडे लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या पाठवायच्या होत्या. आंब्याच्या पेटीतला पेंढा मी उन्हात वाळवून ठेवला होता, तोच तळाशी, मध्ये आणि वर दाबून भरला. बरण्या एकमेकींना टेकू दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला: बरण्या धड आहेत, आणि पेंढा तिने तुळशीच्या कुंडीत पसरला आहे.