कंदिलातली माशी

भाद्रपदात सह्याद्रीच्या गवताळ उतारावर गुडघे टेकून शोधलं, तर नशिबात असेल तेव्हा गवतातून एक बारकासा कंदील डोकावतो. तळाशी फुगीर, मध्ये निमुळती नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकत्र जुळून झालेली पाच खिडक्यांची जाळी. ही खर्चुडी, म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सिरोपेजिया. भारतात तिच्या पन्नासच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी पश्चिम घाटाबाहेर कुठेच उगवत नाहीत.

एकदा गळून पडलेलं एक फूल मी ब्लेडने उभं चिरलं. आत तिळाहूनही लहान माशी होती, आणि भिंगाखाली तिच्या सोंडेला चिकटलेले पिवळे परागपुंज स्पष्ट दिसले. या फुलात मध हे निमित्त, खरा मामला कैदेचा. वासाने भुललेली माशी खिडकीतून शिरते आणि गुळगुळीत नळीतून घसरत तळाशी जाते. नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. धडपडीत परागपुंज तिला चिकटतात. साधारण दिवसभराने केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते. मग दुसऱ्या कंदिलात पुन्हा फसली, तर परागीभवन होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीचं फूल तर जखमी मधमाशीसारखा वास सोडतं, असं 2016 साली सिद्ध झालं. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीचा रस चाखणाऱ्या माश्या त्या वासावर धावतात.

एवढी नाजूक व्यवस्था असलेलं हे झाड धोक्यात आहे. आठ महिने ते फक्त कंदाच्या रूपात जमिनीखाली जिवंत असतं. हा कंद पिठूळ, खाण्याजोगा, म्हणून गुराखी खणतात, रानडुकरंही उकरतात. कंद गेला की झाड संपलं. त्यात चराई, रस्त्यासाठी फोडलेले उतार आणि ‘दुर्मीळ’ म्हणून फूल तोडून नेणारे हौशी. सिरोपेजिया लॉवी ही जात तर नामशेष झाली असंच धरलं होतं; पुढे ती हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडली.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पती उद्यानात या जाती जमवल्या, वाढवल्या. हे फार मोलाचं काम आहे, कारण डोंगरावरची एखादी जागा उद्या नष्ट झाली तरी वाण शिल्लक राहील. पण कुंडीत कंद जगवता येतो, त्याची माशी जगवता येत नाही. ती त्या उतारावरच्या ओल्या गवतात, पालापाचोळ्यात, कोळ्यांच्या जाळ्यांच्या आसपास वाढते. म्हणून मला उतार राखणं जास्त निकडीचं वाटतं.

फोटो काढलात, तर जागेचा नेमका पत्ता जाहीर करू नका. पावसाळा सरता सरता त्याच जागी पुन्हा जा, रोपाला हात न लावता. शिंगांसारख्या दोन बारीक शेंगा जोडीने उभ्या दिसल्या, तर समजायचं, माशी येऊन गेली. वाळून त्या उकलल्या की रेशमी झुबक्यांचं बी वाऱ्यावर निघतं.