घरून रुजू होण्याची पार्श्वभूमी: विणकर आणि विडी कामगारांपासून मिहानपर्यंत

20 मार्च 2020 रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अत्यावश्यक सेवा वगळून सर्व कार्यालये 31 मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यात मुंबई महानगर, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या जोडीला नागपूरचेही नाव होते. चारच दिवसांनी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. नोकरीत असलेल्यांनी लॅपटॉप घरी आणले. रोजंदारीवरच्यांचा रोज बुडाला आणि नागपूरजवळच्या महामार्गावरून पायी गावी निघालेल्या मजुरांचे जथे साऱ्या देशाने पाहिले. या दोहोंच्या मधे आणखी एक वर्ग होता, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला, नवे ऑफर लेटर हाती आलेले, आणि रुजू व्हायची तारीख एप्रिल-मे मधली.

केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्चला आदेश काढला की, आस्थापना बंद असल्या तरी मालकांनी कामगारांचे वेतन कापू नये. 18 मेपासून तो मागे घेतला गेला. पण लागू होता त्या काळातही त्याचा आधार होता तो आधीच कामावर असलेल्यांना. ज्याने अजून पाऊलच ठेवले नव्हते, त्याचे वेतन कापण्याचा प्रश्नच येत नव्हता. एप्रिल 2020 मध्ये देशात सुमारे 12.2 कोटी लोकांचे काम गेल्याचा सीएमआयई या संस्थेचा अंदाज होता. अशा महिन्यात हातातले ऑफर लेटर टिकेल की नाही, हे सांगणारा कायदा नव्हता. एचआरच्या मेलची वाट पाहणे एवढेच उरले होते.

नोकरीची ओळख जागेशी इतकी घट्ट कशी बांधली गेली, हे समजून घ्यायला नागपूरसारखे शहर शोधून सापडणार नाही. इथे घरून काम करणे नवे नाही, उलट तेच जुने. इतवारी-महालच्या वस्त्यांत, उमरेड, पवनी, भंडाऱ्यात कोष्टी आणि हलबा विणकरांचे हातमाग घरातच असत. व्यापारी सूत द्यायचा, विणकर लुगडे किंवा धोतरजोडी विणून द्यायचा, मजुरी नगावर. घरातल्या बाया कांड्या भरायच्या. नवा विणकर काम शिकायचा तो बापाच्या शेजारी बसून. त्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था केली नव्हती, कारण शिकवणारा आणि शिकणारा एकाच खोलीत होते.

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि काम घरातून उठून फाटकाच्या आत गेले. भोंगा, हजेरी, पाळी ही नवी शिस्त होती आणि ती लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. गैरहजेरी ही मिलची मोठी डोकेदुखी होती. 1886 मधला पेन्शन फंड, 1895 पासूनची अपघात भरपाई ही कामगार कल्याणाची पावले म्हणून सांगितली जातात, आणि ती होतीच. पण रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येणारा माणूस टिकवून धरण्याचा हेतूही त्यामागे होता, असे मला वाटते. पगार, संरक्षण आणि जागा या तीन गोष्टींची गाठ तेव्हापासून बसली.

ती किती पक्की होती हे दाखवणारा एक खटला याच शहरातला आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी कारखाना कायद्याखाली पगारी रजेचा पैसा मागितला. मालकाचे म्हणणे, हे आमचे कामगार नव्हेतच. नगावर पैसे घेतात, मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा जातात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1960 च्या अखेरीस निकाल कामगारांच्या बाजूने लागला. न्यायालयाने जे मुद्दे धरले ते वाचण्यासारखे आहेत: त्यांना घरी काम करायची मुभा नव्हती, कारखान्यात हजेरी लागायची, दुपारनंतर येणाऱ्याला तंबाखू मिळत नसे, आणि वाईट विड्या नाकारण्याचा हक्क मालकाकडे होता. उलट दोनच वर्षांपूर्वीच्या, 1958 मधल्या एका निकालात, पाने-तंबाखू घेऊन कुठेही विड्या करवून आणणाऱ्या सट्टेदारांना आणि त्यांच्याकडच्या माणसांना हे संरक्षण नाकारले गेले होते. विडी तीच, बोटे तशीच; फरक पडला तो मुख्यतः बसण्याच्या जागेने.

घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणायला 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. त्यालाही मालकांनी आव्हान दिले आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. भंडारा-गोंदियाच्या घराघरांत हा इतिहास जगला गेला आहे. आज लॅपटॉपवर बसणाऱ्या मुलाला त्याच्याशी आपले काही नाते आहे असे वाटत नाही. नाते आहे, आणि जवळचे आहे.

ऑफिस जिथे, नोकरी तिथे, हा धडा नागपूरच्या पांढरपेशा घरांनी 1956 मध्ये घेतला. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळापासून चालत आलेले राजधानीपण गेले, सचिवालय गेले, आणि त्या आधाराने जगणाऱ्या कारकून-अधिकाऱ्यांना घरदार उचलावे लागले. पुढे 1980 च्या दशकात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, शहरात इंजिनिअर मोठ्या संख्येने घडू लागले आणि त्यांच्यासाठी ठरलेली वाट म्हणजे पुण्याची गाडी, नाही तर हैदराबाद किंवा बंगळुरू. मुलगा कमावता झाला याचा पुरावाच मुळी तो घरी नसणे हा होता. राज्य सरकारने 2002 मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडून मिहान, म्हणजे नागपूर विमानतळालगतचे मालवाहतूक केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्र, उभे राहू लागले तेव्हा आशा हीच होती की आता ऑफिसेच इथे येतील. काही आलीही. मार्च 2019 मध्ये सीताबर्डी ते खापरी मेट्रो धावू लागली, जानेवारी 2020 मध्ये दुसरी मार्गिका सुरू झाली, आणि दोन महिन्यांत ऑफिसे रिकामी झाली.

तंत्राची बाजू थोडक्यात. काम माणसाकडे न्यावे ही कल्पना अमेरिकी अभियंता जॅक नाइल्स यांनी 1973 मध्ये मांडली. लॉस एंजेलिसची वाहतूक आणि त्याच वर्षीचे तेलसंकट ही तिची पार्श्वभूमी. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, आणि स्वस्त डेटा सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर.

तंत्र आले तरी नियम जागेचेच राहिले. कॉल सेंटरसारख्या सेवांना एजंटला घरून काम करू द्यायचे तर दूरसंचार विभागाकडे एक कोटी रुपयांची सुरक्षा ठेव ठेवावी लागे. ही अट 13 मार्च 2020 रोजी तात्पुरती शिथिल झाली, नोव्हेंबरमध्ये ती चौकटच बरीचशी मोडीत निघाली. मिहानच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल जुलै 2022 चा. विशेष आर्थिक क्षेत्राच्या नियमांत 43-अ हे कलम आले आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना एका वर्षापर्यंत घरून काम करू देण्याची सोय झाली. डिसेंबरात ती सर्वांसाठी खुली केली. करसवलत त्या कुंपणाच्या आतल्या कामाला होती, म्हणून बाहेर बसलेल्या माणसासाठी वेगळे कलम लागले. ‘घरून काम’ हा विषय कामगार कायद्यात त्याआधी आला होता तो 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत, प्रसूतीरजेनंतरच्या काळासाठी, तोही मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने.

या सगळ्या नियमांत एक गृहीत आहे, आणि मला तेच सर्वांत खटकते: घरून काम करणारा माणूस आधी ऑफिसात बसलेला आहे. संशोधनातही तेच. घरून काम केल्याने उत्पादकता 13 टक्क्यांनी वाढते, हा आकडा टाळेबंदीत हजारदा उद्धृत झाला. तो शांघायमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत 2010-11 मध्ये झालेल्या प्रयोगातला आहे. त्यात भाग घ्यायला कंपनीत किमान सहा महिने झालेले असणे, घरी ब्रॉडबँड असणे आणि कामाला स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. म्हणजे नवा माणूस दारातच वगळलेला. आणि हाच आकडा नागपूरच्या मानेवाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, शेजारी आजी टीव्ही पाहत असताना, पहिल्याच दिवशी लॉगिन करणाऱ्या मुलीला लावला गेला.

तिच्यापुढचे प्रश्न वेगळे होते. कागदोपत्री रुजू होणे आश्चर्यकारक वेगाने सोपे झाले: आधारवरून ई-सही, जुन्या यूएएनवर (पीएफ खात्याचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) नव्या कंपनीचा पीएफ, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्येच परवानगी दिल्यामुळे व्हिडिओ कॉलवर बँक खाते. कुरिअरने लॅपटॉप आला की कर्मचारी तयार. पण कोणाला काय विचारायचे हे कागदात नसते. शेजारच्या टेबलावरचा माणूस फोनवर कसा बोलतो, साहेबाचा मूड कधी बरा असतो, कोणते काम खरोखर तातडीचे आणि कोणते नुसते तसे म्हटलेले, हे ऐकून-पाहून कळते. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने 2020 च्या पहिल्या सहामाहीतल्या आपल्या 61 हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. घरून काम सुरू झाल्यावर लोक आपल्याच गटात अधिक घट्ट झाले आणि गटांमधले दुवे कमी झाले, असे त्यात दिसले. आधीची ओळख असणाऱ्याला हे निभावते. जिची एकही ओळख नाही, तिने ‘म्यूट’ काढून मूर्ख प्रश्न विचारायचा तरी कुठे? त्यात नागपूरचा मे महिना: कूलर चालू ठेवावा तर मीटिंगमध्ये आवाज, बंद करावा तर खोलीत बसवत नाही.

घरच्यांनाही हे उमगायला वेळ लागला. ‘‘नोकरी लागली म्हणता, पण पोरगा तर घरीच आहे न?’’ हा प्रश्न खवचट नव्हता. जिथे तीन पिढ्यांनी नोकरी म्हणजे बाहेर जाणे पाहिले, तिथे तो साहजिक होता.

2021 चा मार्च नागपूरसाठी पहिल्या वर्षापेक्षा कठीण गेला. 15 ते 21 मार्च शहरात पुन्हा कडक टाळेबंदी होती आणि रुग्णालयांत खाटा मिळेनात. प्रोबेशनवर असलेला माणूस घरात आजारी आई असताना रजा मागायला कचरतो. साहेबाला प्रत्यक्ष कधी भेटलेलाच नसेल तर आणखीच. त्या काळात नुसता फोन करून ‘‘काम राहू दे, घरचं बघ’’ म्हणणारे वरिष्ठ ज्यांना मिळाले, त्यांना ते विसरता येणार नाहीत.

नंतर वारे फिरले. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या 300 कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2023 पासून टीसीएसने कर्मचाऱ्यांना ऑफिसात परत बोलावले, आणि 2020 मध्ये याच कंपनीने 2025 पर्यंत केवळ 25 टक्के कर्मचारीच एका वेळी ऑफिसात लागतील, असे म्हटले होते. नागपुरात राहून पुण्याच्या पगारावर घराचे हप्ते बांधलेल्यांना पुन्हा भाड्याच्या खोल्या शोधाव्या लागल्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूक पत्र देणे मालकांवर बंधनकारक झाले. घरून रुजू होणाऱ्यासाठी हे सर्वांत मोलाचे, कारण फाटक, हजेरीपट, टेबल यांपैकी दुसरा कुठलाच पुरावा त्याच्याकडे नसतो. त्या पत्रात ‘कामाचे ठिकाण’ अशी एक ओळ असते. तिथे नागपूर लिहिले आहे की पुणे, आणि ठिकाण बदलण्याचा अधिकार कंपनीने किती मुदतीच्या सूचनेवर राखून ठेवला आहे, हे सही करण्याआधी वाचावे आणि शंका असेल तर मेलवर लेखी विचारून घ्यावे. तोंडी मिळालेले ‘‘सध्या घरूनच आहे’’ हे उत्तर त्या ओळीत कुठेच नसते.